नावाचा मोनोग्राम आणि भावी शिक्षकाचा परिचय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात बी.एड. किंवा डी.एल.एड. करणारे विद्यार्थी शैक्षणिक साहित्य, सराव पाठ आणि मुलाखती यांच्या निमित्ताने जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. संगणकावर चित्रकला येत नसली तरी यातील बहुतेक कामे पेन्सिल, आलेख कागद आणि थोडा संयम एवढ्यावर होतात.

मोनोग्राम म्हणजे नेमके काय?

नावाची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून तयार केलेली एकसंध खूण म्हणजे मोनोग्राम. इतर लोगोंमध्ये चित्र, आकृती किंवा पूर्ण नाव असू शकते. मोनोग्राममध्ये केवळ अक्षरे असतात आणि तीच चित्राचे काम करतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) आपल्या चित्रांवर मोठ्या रोमन ‘ए’च्या दोन पायांमध्ये लहान ‘डी’ बसवत असे. ती खूण इतकी ओळखीची झाली होती की मार्कान्तोनियो रायमोंदी या इटालियन कोरीवकाराने ड्यूररच्या चित्रांच्या नकला करताना ती खूणही उचलली, आणि त्याविरुद्ध ड्यूररने व्हेनिसमध्ये दाद मागितल्याचे कलाकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने नोंदवून ठेवले आहे. काम कोणाचे आहे हे सांगणे, हाच या खुणेचा मूळ उद्देश होता.

आपल्याकडे हेच काम वेगळ्या पद्धतीने मुद्रेने केले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांवर अष्टकोनी राजमुद्रा असे आणि मजकूर संपल्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा उमटवली जात असे, जेणेकरून त्यापुढे कोणाला काही घुसडता येऊ नये. शिक्षकाच्या साहित्यावरही मोनोग्रामची योग्य जागा मथळ्यावर नसून पानाच्या शेवटी, कोपऱ्यात असते, असे माझे मत आहे.

अजून नोकरी नाही, टीईटीही व्हायची आहे. मग आत्ताच अशी खूण कशाला हवी?

आधी स्पष्ट सांगतो की मोनोग्राममुळे शिक्षक भरतीत एकही गुण वाढत नाही. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आहे, अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे गुण शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जातात, आणि यांपैकी कोठेही उमेदवाराचा लोगो कोणी पाहत नाही. उपयोग होतो तो इतरत्र. प्रशिक्षणाच्या काळात आपण पाठ टाचणे लिहितो, तक्ते, शब्दपट्ट्या आणि स्वाध्यायपत्रिका तयार करतो, आणि हे साहित्य मोबाइलवरून मोबाइलवर इतक्या वेगाने फिरते की आठवडाभरात ते कोणी केले हे कोणालाच सांगता येत नाही. पानाच्या कोपऱ्यात एक लहान खूण असली की साहित्याबरोबर कर्त्याची ओळखही फिरते. खासगी संस्थेतील मुलाखतीला किंवा नमुना पाठाला जाताना नीट लावलेली कामाची फाइल बरोबर नेली, तर सर्व पानांवरची तीच खूण त्या कामाला एक सलगता देते. मात्र फाइलमधील पाठ कच्चे असतील, तर मोनोग्राम त्यांना वाचवणार नाही.

आधी मोनोग्राम करावा की आधी परिचय लिहावा?

आधी परिचय लिहावा. आपण कोणत्या वयाच्या मुलांना, कोणत्या विषयात, कोणत्या माध्यमातून शिकवू इच्छितो हे चार वाक्यांत मांडता आले नाही, तर अक्षरांना कोणता स्वभाव द्यायचा हेही ठरत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना वाचन शिकवू इच्छिणाऱ्या व्यक्तीची अक्षरे मोठ्या गोलाईची आणि पाटीवर गिरवता येतील अशी हवीत. उच्च माध्यमिक वर्गाला अर्थशास्त्र शिकवू इच्छिणाऱ्याला तीच अक्षरे बाळबोध वाटतील.

लेखी परिचयात काय असावे?

‘मला लहानपणापासून शिक्षक व्हायचे होते’ आणि ‘शिक्षण हे पवित्र कार्य आहे’ ही दोन वाक्ये गाळली की निम्मे काम होते, कारण ती कोणाच्याही परिचयात बसतात आणि म्हणून कोणाचाच परिचय करून देत नाहीत. त्यांच्या जागी पाच गोष्टी असाव्यात: सध्याची पायरी, अध्यापनाचे विषय, ज्यांना शिकवायचे ती इयत्ता, बोलता-वाचता येणाऱ्या भाषा आणि प्रत्यक्ष केलेल्या कामाचा एक नेमका दाखला. नमुना असा:

‘मी सोलापुरात बी.एड.च्या द्वितीय वर्षात शिकत आहे. गणित आणि विज्ञान हे माझे अध्यापनाचे विषय असून सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवण्याची माझी इच्छा आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे आणि कन्नड मला समजते. आंतरवासितेच्या काळात अपूर्णांकांची तुलना शिकवण्यासाठी मी कापडाच्या पट्ट्यांचा संच तयार केला होता. तो संच आणि त्यावरील तीन पाठांची टाचणे सोबत जोडली आहेत.’

यातील तिसऱ्या वाक्याकडे सोलापुरातील उमेदवारांनी विशेष लक्ष द्यावे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड घराघरांत ऐकू येते, आणि उर्दू माध्यमाच्या शाळाही येथे आहेत. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला मराठी माध्यमाच्या वर्गात पहिले काही महिने कोण समजून घेणार, हा येथील मुख्याध्यापकांपुढचा रोजचा प्रश्न असतो. अनेक उमेदवार ही बाब संकोचाने लपवतात. ती पहिल्या परिच्छेदातच असावी.

कामाचा दाखलाही मोजता किंवा दाखवता येईल असा असावा. बी.एड.च्या दोन वर्षांत मिळून किमान वीस आठवडे शाळेत घालवावे लागतात, त्यामुळे लिहिण्यासारखे काहीच नाही असे सहसा होत नाही. वहीत त्या त्या दिवशी नोंद केलेली नसते, एवढेच.

नावाखाली ‘शिक्षक’ लिहावे, ‘भावी शिक्षक’ लिहावे की ‘छात्राध्यापक’?

महाविद्यालयाच्या कागदपत्रांत आणि सराव शाळेत ‘छात्राध्यापक’ किंवा ‘छात्राध्यापिका’ हा रूढ शब्द आहे आणि तोच वापरावा. बाहेरच्या लोकांना, विशेषतः पालकांना, तो चटकन कळत नाही. तेथे ‘भावी शिक्षक’ चालेल, पण सोबत सध्याची पायरी लिहिलीच पाहिजे. पदवी हाती येण्यापूर्वी नावापुढे नुसते ‘बी.एड.’ लिहू नये, ‘बी.एड. (प्रथम वर्ष)’ असे लिहावे. टीईटीच्या बाबतीतही पेपर सांगावा, कारण पेपर १ पहिली ते पाचवीसाठी आणि पेपर २ सहावी ते आठवीसाठी असतो. ‘टीईटी उत्तीर्ण’ एवढेच लिहिले की पुढचा प्रश्न येतोच.

या सगळ्या पदव्या मोनोग्रामच्या आत मात्र कोठेही घालू नयेत. पायरी बदलत जाते. नाव तेच राहते.

आद्याक्षरे कोणती घ्यावीत? नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही घ्यायची का?

दोन पुरेशी आहेत, आणि नाव छोटे असेल तर एकही चालते. तीन अक्षरे गुंफण्याची पद्धत प्रामुख्याने रोमन लिपीतली आहे. देवनागरीत तीन अक्षरे लहान आकारात ओळखू येणे अवघड जाते.

मराठीत आद्याक्षर घेताना मात्रेसह पूर्ण अक्षर घेण्याची रीत आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. गोपाळ गणेश आगरकर ‘गो. ग.’ होतात, ‘ग. ग.’ होत नाहीत. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे ‘धों. के.’ होतात, आणि त्या ‘धों’मध्ये काना, मात्रा, अनुस्वार असे सगळे येते. रोमन आद्याक्षरांत ही सोय नाही. ‘मी’ची वेलांटी, ‘शु’चा उकार किंवा ‘कै’च्या दोन मात्रा हेच पुष्कळदा मोनोग्रामचे सर्वांत देखणे अंग ठरते, म्हणून अक्षर सोपे करण्याच्या नादात ते कापून टाकू नये.

विवाहानंतर आडनाव बदलेल किंवा बदलणार नाही, याचा निर्णय झाला नसेल तर केवळ स्वतःच्या नावाचे अक्षर घ्यावे. आईचे नाव लावणाऱ्यांचीही संख्या वाढते आहे, आणि १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव लिहिणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. आपल्या पिढीला तो नियम लागू नसला तरी स्वतःच्या खुणेत आईचे आद्याक्षर घ्यायला कोणाची हरकत नाही.

देवनागरीत करावा की रोमन लिपीत?

मराठी माध्यमात शिकवणार असाल तर देवनागरीतच करावा. इंग्रजी माध्यमात शिकवणाऱ्यांनी दोन्ही करून पाहावेत आणि मग एक निवडावा; दोन लिपींची सरमिसळ एकाच खुणेत सहसा साधत नाही. काहींना मोडी लिपी आकर्षक वाटते आणि ती आहेही, शिवाय २०१४ पासून युनिकोडमध्ये तिला स्थान आहे. परंतु आज ती वाचणारे मोजकेच आहेत. इतिहास हा आपला विषय असेल तर मोडी निवडण्यास अर्थ आहे.

देवनागरी अक्षरे एकमेकांत गुंफायची कशी?

मेहनत येथेच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम आपली अक्षरे कोणत्या गटातली आहेत ते पाहावे. प, म, स, न, त, ब, व, च यांना उजव्या बाजूला उभा दंड असतो. क आणि फ यांचा दंड मधोमध असतो. ट, ठ, ड, ढ, द, र, ह, ळ यांना पूर्ण दंड नसतो. ती शिरोरेषेला लोंबलेली असतात. दोन्ही अक्षरे पहिल्या गटातील असतील, तर ती शेजारी न ठेवता एकाखाली एक ठेवून दोघांना एकच लांब दंड द्यावा. यातून उभी, सडपातळ खूण तयार होते, जी पानाच्या कडेला उत्तम बसते. एक अक्षर दंडाचे आणि दुसरे बिनदंडाचे असेल, तर दुसरे अक्षर लहान करून पहिल्याच्या मोकळ्या जागेत, म्हणजे उदाहरणार्थ ‘प’च्या वाटीखाली किंवा ‘व’च्या गाठीखाली, बसते का ते पाहावे. क किंवा फ असल्यास दोन्ही बाजूंना वजन सारखे राहत असल्याने वर्तुळात बसणारी खूण सहज होते.

त्यानंतर शिरोरेषा. दोन अक्षरांवर सलग शिरोरेषा ओढली की वाचणारा त्यांचा एक शब्द करून वाचतो. ‘ग’ आणि ‘प’ ही आद्याक्षरे सलग रेषेखाली आली तर स्वाध्यायपत्रिकेवर ‘गप’ असे छापले जाईल, आणि शिक्षकाच्या खुणेला तो अर्थ मिळणे बरे नाही. अशा वेळी रेषा तोडावी किंवा अक्षरांची उंची वेगळी ठेवावी. ढवळे, ढोले अशा आडनावांच्या मंडळींनीही जपावे. नुसता ‘ढ’ वर्गात गेला की पुढे काय होईल हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांनी स्वतःच्या नावाचे अक्षर घ्यावे.

तिसरा धोका जोडाक्षराचा. ‘स’ अर्धा करून ‘न’ला जोडला तर ती दोन आद्याक्षरे राहत नाहीत, ‘स्न’ होते. ‘प’ आणि ‘र’ जोडून होणारा ‘प्र’ दिसायला फारच सुबक असतो, आणि ‘श’ व ‘र’ यांचा ‘श्र’ त्याहूनही. तरी आडनाव ‘रा’ने सुरू होत असेल तर ‘प’ आणि ‘रा’ मिळून ‘प्रा’ होते, आणि बी.एड.च्या पहिल्या वर्षातली व्यक्ती स्वतःला प्राध्यापक म्हणवून घेते आहे असा समज होऊ शकतो. जोडाक्षर वापरायचेच असेल तर ते ज्याला आपले नाव माहीत नाही अशा माणसाला दाखवून, त्याने मोठ्याने काय वाचले ते ऐकावे.

शेवटची चाचणी आलेख कागदावरची. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्ड मागावर विणली जाते, त्या मागासाठीचे आरेखन चौकटींच्या कागदावर करण्याची पद्धत आहे. जी वळणे चौकटींत बसत नाहीत ती कापडावर उतरत नाहीत. आपली खूण सोळा बाय सोळा चौकटींत केवळ चौकटी भरून काढून पाहावी. ब्राउजरच्या टॅबवर दिसणारे चिन्ह पूर्वापार तेवढ्याच, म्हणजे सोळा बाय सोळा पिक्सेलच्या, जागेत बसवले जाते. तेथे अक्षरे ओळखू आली तर ती कोठेही ओळखू येतील. नाही आली तर काहीतरी काढून टाकावे लागेल, आणि ते बहुधा आपल्याला सर्वांत आवडलेले नक्षीकामच असते.

तयार फॉन्ट वापरला तर चालेल का?

सुरुवात म्हणून चालेल. मुक्त परवान्याचे फॉन्ट घ्यावेत. मुक्ता, बलू आणि टिरो देवनागरी मराठी हे तिन्ही त्या प्रकारचे आहेत. शेवटच्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत, ही मोठी सोय आहे, कारण अनेक फॉन्टमध्ये ही दोन अक्षरे हिंदी वळणाची असतात. मराठीचा शिक्षक होऊ पाहणाऱ्याच्या खुणेत हिंदी वळणाचा ‘ल’ दिसला तर चाणाक्ष परीक्षकाच्या नजरेतून तो सुटत नाही. फॉन्टमधील अक्षर मोठे छापून त्यावर पातळ कागद ठेवून गिरवावे आणि मग स्वतःच्या हाताने बदलत जावे. कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची आणि मासिकांची शीर्षके पाहिली, तर अक्षराचा एखादाच अवयव बदलून केवढा फरक पडतो हे कळते.

पुस्तक, पेन, दिवा, पदवीची टोपी अशी चिन्हे घालावीत का?

घालू नयेत. शहरातील प्रत्येक शिकवणी वर्गाच्या फ्लेक्सवर ती आहेतच.

रंग कोणते घ्यावेत?

आधी फक्त काळ्या रंगात पूर्ण करावे. शाळेतील बहुतेक कागद झेरॉक्स होऊन मुलांच्या हाती जातात आणि तेथे सर्व रंगांचा करडा होतो. काळ्यात खूण उभी राहिली की एक गडद रंग निवडावा. पांढऱ्या कागदावरचा फिकट पिवळा किंवा आकाशी रंग मागच्या बाकावरून दिसत नाही. फळ्यावर खडूने तीच खूण चार-पाच रेषांत काढता येते का, हेही पाहावे.

सॉफ्टवेअर कोणते, आणि छापखान्यात फाइल कशी द्यावी?

इंकस्केप हे मोफत आहे आणि पुरेसे आहे. मोबाइलवरच काम करायचे असल्यास कॅनव्हा चालेल, पण तेथील तयार नमुन्यांतून उचललेली खूण आणखी शेकडो जणांकडे असू शकते. मूळ फाइल एसव्हीजी स्वरूपात ठेवावी, म्हणजे ती कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. रोजच्या वापरासाठी पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढून ठेवावी.

छापखान्यात होणारा नेहमीचा घोटाळा अक्षरांचा असतो. अनेक डीटीपी चालक अजूनही कोरल ड्रॉ आणि श्रीलिपीसारख्या पद्धतीचे जुने फॉन्ट वापरतात, त्यामुळे युनिकोडमधला मजकूर तेथे उघडला की वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात. फाइल देण्यापूर्वी सर्व अक्षरांचे रेषांत रूपांतर करावे. इंकस्केपमध्ये त्याला ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ आणि कोरलमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’ म्हणतात. ओळखपत्रिकेचा प्रचलित आकार साडेतीन बाय दोन इंच असतो. कापताना कड जाऊ नये म्हणून चारही बाजूंना तीन मिलिमीटर जागा जास्तीची सोडावी. रबरी शिक्का करून घ्यायचा असेल तर बारीक रेषा जाड कराव्यात, नाहीतर शाई भरून अक्षराची पोकळी बुजते. आणि पहिली प्रत पाहिल्याशिवाय शंभर प्रतींची मागणी देऊ नये.

मोनोग्राममध्ये अशोकस्तंभ, राजमुद्रा किंवा विद्यापीठाचे बोधचिन्ह वापरता येईल का?

राष्ट्रीय राजचिन्हाचा खासगी वापर २००५ च्या कायद्याने निषिद्ध आहे. विद्यापीठाचे आणि महाविद्यालयाचे बोधचिन्ह त्या संस्थांचे असते. प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर ते नियमानुसार छापावे, पण स्वतःच्या खुणेत मिसळू नये. राजमुद्रा आदराने अभ्यासावी. तिच्या अष्टकोनात आपली आद्याक्षरे बसवणे मला उचित वाटत नाही.

खूण दुसऱ्या कोणाकडून काढून घेतली असेल तर तिचे हक्क आपल्याला दिल्याचे लेखी घ्यावे. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. ट्रेडमार्क नोंदणीची या टप्प्यावर गरज नाही.

क्यूआर कोड जोडावा का?

कोडच्या मागे काही पाहण्यासारखे असेल तरच जोडावा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. तेथे कोड स्कॅन केला की मुलांना धडा ऐकता-पाहता येत असे. आपल्या कोडमधून केवळ आपले छायाचित्र आणि जन्मतारीख उघडणार असेल तर तो नसलेला बरा. वर्गातील मुलांची छायाचित्रे शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय तेथे टाकू नयेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे.

सराव शाळेत पहिल्या दिवशी तोंडी परिचय कसा करून द्यावा?

मुख्याध्यापकांसमोर नाव, महाविद्यालय, विषय, मिळालेली इयत्ता आणि मार्गदर्शक शिक्षकांचे नाव एवढे सांगून थांबावे. त्यांना परिपाठाची घाई असते. वर्गात मात्र वेळ घ्यावा. नाव फळ्यावर पूर्ण लिहावे, त्याची दोन अक्षरे गुंफून खूण काढून दाखवावी आणि मुलांना त्यांच्या नावांची तशी खूण वहीच्या शेवटच्या पानावर काढायला सांगावी. कोणी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू लिपीत काढू म्हणाले तर काढू द्यावे आणि ते अक्षर कसे वाचायचे हे त्या मुलाकडून शिकून घ्यावे. त्या पंधरा मिनिटांत नावेही पाठ होतात आणि कोणाच्या घरी कोणती भाषा बोलली जाते हेही कळते. मुलांनी सुट्टीत आपल्याला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हटले तर ते स्वीकारावे. ‘मी अजून शिक्षक नाही’ हा खुलासा त्यांच्यापुढे करण्याचे कारण नाही.

शाळेच्या कागदांवर आपली खूण उमटवता येईल का?

नाही. हजेरीपत्रक, प्रगतिपत्रक, शाळेची प्रश्नपत्रिका आणि मुलांच्या वह्या या शाळेच्या आणि मुलांच्या असतात. आपण स्वतः तयार केलेल्या साहित्यावर, आणि दुसऱ्याचा मजकूर घेतला असल्यास त्याचा उल्लेख करून, खूण वापरावी.

नोकरी लागल्यानंतर मोनोग्राम बदलावा लागेल का?

त्यात पदवी, वर्ष किंवा संस्थेचे नाव घातले नसेल तर बदलण्याचे कारण पडत नाही. परिचयाचा मजकूर मात्र दर सत्राच्या शेवटी पुन्हा लिहावा, आणि जुन्या प्रती तारखेसह जपून ठेवाव्यात. पुढच्या मुलाखतीत कामाचा दाखला शोधताना त्याच उपयोगी पडतात.